अखेरचा सर्ग आणि वाचकाची निराशा : 'कुमारसंभव' व 'शिशुपाळवध' यांच्या निमित्ताने

१

अद्भुतरम्य प्रणयकथेचा वाचक दीर्घ प्रतीक्षेचा करार करून कथेत शिरलेला असतो. नायक-नायिकांचे मीलन होणार हे त्याला आरंभापासून ठाऊक असते. ते कसे आणि कोणत्या किमतीवर होणार, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते. अशा कथेची अखेर जेव्हा विस्तृत संभोगवर्णनात होते, तेव्हा पुष्कळदा असे घडते की, ज्या मीलनासाठी वाचक थांबला होता तेच हाती आल्यावर तो नाराज होतो. ही नाराजी नीतीच्या भाषेत सांगितली जाते, आणि तिचा निकालही नीतीच्याच भाषेत लावला जातो. निराश वाचक सोवळा ठरतो किंवा कवी स्वैर ठरतो. मूळ वाङ्मयीन प्रश्न मात्र तसाच राहतो. कथेच्या शेवटी आलेला शृंगार वाचकाला नेमका कोठे खटकतो?

हा प्रश्न आजच्या मालिका-कादंबऱ्यांपुरता मर्यादित नाही. स्टेफनी मेयर यांच्या 'ट्वायलाइट' या चार भागांच्या मालिकेचा शेवटचा भाग 'ब्रेकिंग डॉन' २००८ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा अनेक निष्ठावंत वाचकांनी उघड नाराजी व्यक्त केली. विवाह, मधुचंद्र आणि अपत्यजन्म हे सारे त्या भागात आहे. ज्या युद्धाची सिद्धता दीर्घकाळ चालते, ते मात्र प्रत्यक्षात होतच नाही. भारतीय वाचकाला ही तक्रार अगदी नवी वाटू नये. एक दिव्य प्रेमकथा, तिच्यामागे उभे असलेले देवासुरांचे युद्ध, आणि युद्धाचे नावही न घेता शय्यागृहात संपणारा शेवटचा सर्ग, ही मांडणी कालिदासाच्या 'कुमारसंभवा'ची आहे. त्या सर्गाविषयीची नाराजी किमान अकराशे वर्षांपासून लेखनिविष्ट आहे. मराठीपुरते बोलायचे तर भास्करभट्ट बोरीकराच्या 'शिशुपाळवधा'ला त्याच्या पहिल्याच श्रोत्याकडून मिळालेला अभिप्राय ही अशा नाराजीची आपल्या भाषेतील सर्वांत जुनी नोंद म्हणता येईल. या दोन प्रसंगांच्या आधारे उपर्युक्त प्रश्नाचा विचार येथे केला आहे.

२

'कुमारसंभवा'ची रचना प्रथम ध्यानी घेतली पाहिजे. पहिल्या सर्गात हिमालय आणि पार्वतीचा जन्म आहे. दुसऱ्यात तारकासुराने गांजलेले देव ब्रह्मदेवाकडे जातात, आणि शिवाचा पुत्रच त्याला मारू शकेल हे त्यांना कळते. तिसऱ्यात मदन भस्म होतो, चौथ्यात रती विलाप करते. पाचव्यात पार्वती तप आरंभते, बटुवेषातील शिवाशी वाद घालते आणि अखेर त्याला जिंकते. सहाव्यात मागणी, सातव्यात विवाह. आठवा सर्ग या नवदांपत्याच्या विहाराचा आहे. मल्लिनाथाची टीका येथवरच आहे. पुढील नऊ ते सतरा हे सर्ग कालिदासाचे नव्हेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे कालिदासाच्या हातचे जे काव्य निश्चितपणे उपलब्ध आहे त्यात कुमाराचा 'संभव' होतच नाही. शीर्षकाने दिलेले आणि दुसऱ्या सर्गाने पक्के केलेले वचन अपुरे राहते. शेवटच्या श्लोकात कवी सांगतो ते एवढेच की, दीडशे ऋतू, म्हणजे पंचवीस वर्षे, एका रात्रीसारखी सरली, आणि समुद्राच्या पोटातील अग्नी जसा पाण्याने विझत नाही तशी शिवाची तृष्णा शमली नाही.

या सर्गावरील प्राचीन आक्षेप एकसारखे नाहीत. 'पित्यासारख्या देवतांचा शृंगार वर्णिला म्हणून निंदा' या एका वाक्यात ते सहसा गुंडाळले जातात. प्रत्यक्षात तीन आचार्यांनी तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या आहेत.

नवव्या शतकातील आनंदवर्धन 'ध्वन्यालोका'च्या तिसऱ्या उद्द्योतात या वर्णनाला अनौचित्याचे उदाहरण म्हणून निर्दिष्ट करतो. पण त्याच वाक्यात तो असेही म्हणतो की, महाकवीच्या प्रतिभाशक्तीने हा दोष झाकला जातो आणि तो ग्राम्य म्हणून जाणवत नाही. ही निंदा आहे तशीच कबुलीही आहे. वाचताना दोष जाणवला नाही आणि नंतर विचार करता तो दिसला, असा आनंदवर्धनाचा अनुभव त्यातून सूचित होतो. अकराव्या शतकातील मम्मट ही सवलत देत नाही. 'काव्यप्रकाशा'च्या सातव्या उल्लासात तो उत्तम देवतांच्या संभोगवर्णनाला स्वतःच्या माता-पित्यांच्या संभोगवर्णनाइतके अनुचित ठरवतो. पुढे सतराव्या शतकात पंडितराज जगन्नाथाने 'रसगंगाधरा'त जयदेवावर याच मुद्द्यावर प्रहार केला. त्यावरून मम्मटाची कसोटी किती रूढ झाली होती हे दिसते.

तिसरा आक्षेप मम्मटाच्याच शतकातील क्षेमेंद्राचा. 'औचित्यविचारचर्चे'त त्याने आठव्या सर्गातील एक श्लोक उद्धृत केला आहे. त्याचीही भाषा देवत्वाच्या मर्यादेचीच आहे. सामान्य स्त्रीपुरुषांना साजेल असे वर्णन त्रैलोक्यगुरूला लावले, असे तो म्हणतो. पण हा श्लोक त्याने कोणत्या शीर्षकाखाली घेतला हे महत्त्वाचे आहे. पद किंवा वाक्य यांच्या औचित्याखाली न घेता त्याने तो प्रबंधार्थाच्या औचित्याखाली घेतला आहे. श्लोक स्वतंत्रपणे कसा आहे यापेक्षा संपूर्ण काव्याच्या अर्थाला तो काय करतो, हे क्षेमेंद्र पाहतो.

मम्मटाजवळही अशी साधने होती. रसदोषांच्या त्याच यादीत त्याने गौण अंगाचा अतिविस्तार आणि मुख्याचे विस्मरण हे दोष सांगितले आहेत. एखादा रस पुनःपुन्हा उद्दीप्त करण्याच्या दोषासाठी तर त्याने 'कुमारसंभवा'तील रतिविलापाकडेच बोट दाखवले आहे. चौथ्या सर्गाविषयी बोलताना जो आचार्य रचनेच्या अंगाने दोष दाखवतो, तोच देवतांच्या शृंगाराविषयी बोलताना मात्र माता-पित्यांच्या मर्यादेचा आधार घेतो. आठव्या सर्गाविषयी तारक विसरला गेला, कुमार विसरला गेला, असे त्याला सहज म्हणता आले असते. ते त्याने म्हटले नाही, आणि पुढील परंपरेने मुख्यतः त्याचीच वाट धरली.

३

शृंगाराच्या विस्ताराला संस्कृत महाकाव्याची हरकत नव्हती, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. दंडीने 'काव्यादर्शा'त महाकाव्याची जी वर्ण्य स्थळे सांगितली आहेत त्यांत उद्यानविहार, जलक्रीडा, मधुपान आणि रतोत्सव ही स्पष्टपणे येतात. दंडी कालिदासानंतरचा आहे. त्यामुळे त्याची यादी कालिदासाला बंधनकारक नव्हती, पण वाचकाची अपेक्षा कशी घडली होती याची ती साक्ष आहे. त्या यादीत रतोत्सवानंतर विरह, विवाह आणि कुमाराचा उदय, आणि त्यापुढे मंत्रणा, प्रयाण, युद्ध व नायकाचा अभ्युदय येतो. माघाचे 'शिशुपालवध' पाहावे. त्यात जलक्रीडा आठव्या सर्गात आहे, मधुपान व सुरतवर्णन दहाव्यात आहे, आणि काव्य वीस सर्गांचे आहे. शृंगार भरपूर असूनही तो वाटेवरचा मुक्काम राहतो. वाचक तेथे रमतो आणि पुढे निघतो, म्हणून शृंगाराने कथा गिळली असे म्हणण्याची वेळ त्याच्यावर येत नाही.

'कुमारसंभवा'त हाच मुक्काम शेवटचा ठरतो, आणि त्यामुळे वर्णनाचे मूल्यच बदलते. कथेच्या मध्यावर आलेला प्रसंग वाचक प्रसंग म्हणून वाचतो. शेवटी आलेला प्रसंग मात्र तो साऱ्या कथेचे उत्तर म्हणून वाचतो. देवांनी जे मागितले, मदन ज्यासाठी जळाला, पार्वतीने ज्यासाठी पर्णेदेखील वर्ज्य केली, त्या सर्वांचे उत्तर 'न शमलेली तृष्णा' असेल, तर वाचकाला फसवणूक झाल्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे. वर्णन कमी उत्कट असते तरीही ही निराशा टळली नसती. आणि हेच वर्णन कुमारजन्माच्या आधी आले असते तर तिला फारसा आधारही उरला नसता. वाचकाच्या तक्रारीचे मूळ येथे, स्थानात आहे.

ही तक्रार मान्य करूनही आठव्या सर्गाला न्याय द्यावा लागतो, कारण निराश वाचक सहसा तो नीट वाचत नाही. एक्याण्णव श्लोकांच्या या सर्गाचा जवळजवळ निम्मा भाग गंधमादनावरील संध्याकाळ, अंधार आणि चंद्रोदय यांनी व्यापलेला आहे. हे वर्णन शिव स्वतः पार्वतीला सांगतो. तिसऱ्या सर्गात जो श्वास रोखून, निवात दीपासारखा निश्चल बसला होता, तो येथे पत्नीजवळ बसून मावळता सूर्य दाखवतो आहे. वैरागी बोलू लागला, हे या सर्गाचे खरे स्थित्यंतर आहे. तो संध्यावंदनासाठी उठतो तेव्हा पार्वती रुसते, आणि जगद्वंद्य देवाला आपल्या उपासनेचा खुलासा पत्नीपुढे करावा लागतो. पाचव्या सर्गाच्या अखेरीस त्याने स्वतःला तिच्या तपाने विकत घेतलेला दास म्हटले होते. त्या शब्दाची किंमत येथे चुकती होते. सर्गाच्या आरंभी ती आपल्या दोन्ही हातांनी त्याचे दोन डोळे झाकते आणि ललाटीचा तिसरा डोळा पाहतच राहतो, म्हणून तिची धडपड व्यर्थ जाते. ज्या डोळ्याने मदन जाळला तोच येथे नववधूच्या लज्जेचा विषय होतो. अद्भुत आणि घरगुती यांची अशी सांगड विरळाच आढळते. आनंदवर्धनाने ज्या शक्तीला दोष झाकण्याचे श्रेय दिले ती हीच असावी.

तरीही एक उणीव राहते, आणि ती प्राचीन आक्षेपांत कोठेही नोंदलेली नाही. पाचव्या सर्गातील पार्वती बोलते. बटूच्या प्रत्येक उपहासाला ती उत्तर देते, आणि ते उत्तर हा त्या सर्गाचा कळस आहे. आठव्यात तिचे बोलणे जवळजवळ ऐकूच येत नाही. आरंभी ती प्रश्नांना मानेनेच उत्तर देते. रुसल्यावरही तिच्या मनातले शब्द कवी कळवत नाही. पतीकडे दुर्लक्ष करून ती विजया या सखीशी उगाच काहीबाही बोलते, एवढेच तो सांगतो. रतिविद्येत ती शिवाची शिष्या होते आणि शिकलेले कौशल्यच गुरुदक्षिणा म्हणून परत देते, ही कल्पना चतुर आहे; पण जिने कोणाही गुरूविना तप आरंभले होते तिला आता शिष्येची जागा मिळते. शेवटच्या श्लोकातील अतृप्तीही शिवाचीच आहे. पार्वतीला काय मिळाले, हे काव्य सांगत नाही. प्रेमकथेच्या अखेरीविषयी वाचकाची तक्रार असायचीच, तर ती येथे असावयास हवी. जिच्या निर्धाराने कथा चालली, तिच्या मनाचे दार नेमके शेवटी बंद होते.

४

'शिशुपाळवधा'चा प्रसंग या पार्श्वभूमीवर पाहता येतो. भास्करभट्ट बोरीकर हा चौदाव्या शतकाच्या आरंभीचा महानुभाव कवी. नाव शिशुपाळाच्या वधाचे असले, तरी त्याच्या काव्याचा ओढा रुक्मिणी आणि श्रीकृष्ण यांच्या प्रणयाकडे आहे. रुसवे, अनुनय, ऋतुशोभा आणि जलक्रीडा यांत कवी मनसोक्त रमतो, आणि ज्या वधाचे नाव ग्रंथाला दिले तो शेवटी थोडक्यात उरकतो. येथेही शीर्षकाने दिलेले वचन आणि काव्याने चाललेली वाट यांत अंतर आहे. पंथीय परंपरा सांगते ती हकीकत अशी : ग्रंथ पूर्ण झाल्यावर कवीने तो आपल्या ज्येष्ठ गुरुबंधूला दाखविला. ग्रंथ उत्तम झाला, पण तो निवृत्तांच्या उपयोगाचा नाही, शृंगाराची आवड असलेल्या प्रवृत्तांच्या उपयोगाचा आहे, असा अभिप्राय त्याला मिळाला. त्यानंतर भास्करभट्टाने भागवताच्या एकादश स्कंधावर 'उद्धवगीता' रचली.

हा अभिप्राय सहसा पंथाच्या वैराग्यनिष्ठेचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. तो तसा आहेच. पण समीक्षा म्हणून त्याकडे पाहिले तर त्याचा संयम विशेष वाटतो. त्यात काव्याचा दर्जा आणि वाचकाची गरज या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. ग्रंथ चांगला आहे, हे पहिल्या वाक्यातच निःसंदिग्धपणे मान्य केले आहे. त्यानंतर तो कोणासाठी नाही, हे सांगितले आहे, आणि लगेच तो कोणासाठी आहे, हेही. माझ्या उपयोगाचे नाही म्हणून ते वाईट आहे, अशी उडी त्यात नाही. मम्मटाने ज्या ठिकाणी सर्वकालीन निषेध केला तेथे या मराठी वाचकाने केवळ वाचक वेगळे केले.

याचा परिणामही वेगळा झाला. भास्करभट्टाने 'शिशुपाळवध' फाडले नाही किंवा त्यातील शृंगार छाटून सुधारित ग्रंथ काढला नाही. त्याने दुसरा ग्रंथ लिहिला. महानुभाव पंथानेही पहिला ग्रंथ टाकला नाही. नरेंद्राचे 'रुक्मिणीस्वयंवर', दामोदर पंडिताचे 'वछाहरण' यांच्यासह ज्या सात काव्यांना पंथाने 'साती ग्रंथ' म्हणून मान दिला त्यांत 'शिशुपाळवध' आणि 'उद्धवगीता' ही दोन्ही आहेत. ज्या ग्रंथाविषयी नाराजी नोंदवली गेली तोच त्या नाराजीच्या हकीकतीसह शतकानुशतके जपला गेला. वि. भि. कोलते यांच्यासारख्या अभ्यासकाला भास्करभट्टाच्या चरित्राचा व काव्याचा साक्षेपी विचार करता आला तो या जपणुकीमुळेच.

५

'कुमारसंभवा'च्या वाट्याला मात्र निराळे प्रतिसाद आले. एक प्रतिसाद गाळण्याचा. १८३८ साली स्टेन्झलरने लॅटिन भाषांतरासह जी आवृत्ती काढली ती सात सर्गांची होती. ग्रिफिथचे १८५३चे इंग्रजी भाषांतरही सातच सर्गांचे आहे. कारणे काहीही असोत, परिणाम एकच झाला. काव्य विवाहाशी थांबले, आणि ग्रिफिथच्या शीर्षकात युद्धदेवाचा जन्म असूनही वाचकाला जन्मही मिळाला नाही आणि दांपत्यजीवनही मिळाले नाही. दुसरा प्रतिसाद पुढे लिहिण्याचा. नवव्या सर्गात अग्नी पारव्याच्या रूपाने शिवपार्वतींच्या एकांतात शिरतो, पुढे कुमाराचा जन्म होतो आणि सतराव्यात तारकाचा वध. हे सर्ग कोणी लिहिले हे ज्ञात नसले, तरी त्यांच्यामागे आठव्या सर्गाशी थांबायला तयार नसलेला एक वाचक उभा आहे, एवढे निश्चित म्हणता येते. तिसरा प्रतिसाद दंतकथेचा. देवीच्या शृंगाराचे वर्णन केल्याने कवीला तिचा शाप भोवला आणि काव्य अपुरे राहिले, अशी कथा सांगितली जाते. रवींद्रनाथ ठाकुरांनी 'चैताली'तील एका कवितेत हाच अपुरेपणा कोमलपणे समजावला. तेथे कवी स्वतः शिवपार्वतींना काव्य ऐकवतो आणि देवीच्या मुखावरची लज्जा पाहून मध्येच थांबतो. शापाच्या जागी संकोच आला, तरी अपुरेपणाचे कारण देवीच्या लज्जेतच शोधले गेले.

या सर्व प्रतिसादांत वाचकाचे असमाधान खरे आहे. फक्त ते नेमक्या जागी ठेवले गेलेले नाही. मराठीतील कालिदासचर्चेनेही या प्रश्नाकडे पुरेसे लक्ष दिले, असे म्हणता येत नाही. नागपूर आणि रायपूर हे प्रदेश १९५६पर्यंत एकाच प्रांतात होते. त्या प्रांतात राहून वा. वि. मिराशी यांनी १९३४ साली 'कालिदास' हा ग्रंथ दिला. 'मेघदूता'तील रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक की छत्तीसगडच्या सरगुजा भागातील रामगड, हा वाद या भूमीत हिरिरीने लढला गेला, आणि मिराशींनी रामटेकचा पक्ष समर्थपणे मांडला. यक्ष कोठे राहिला, याचा शोध आवश्यक होताच. तितक्याच चिकाटीने पार्वती शेवटी कोठे हरवली, हा प्रश्नही विचारला जायला हवा होता.

मराठी कादंबरीने आपल्या बालपणी या पेचातून सोपी वाट काढली. १८६०च्या दशकातील 'मुक्तामाला' आणि 'मंजुघोषा' यांसारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांत संकटे, वियोग आणि योगायोग यांची रेलचेल आहे. अखेर विवाहाची किंवा पुनर्मीलनाची. शय्यागृहाचे दार तेथे उघडतच नाही. १८७२ साली काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल व नाटक यांवरील निबंधात या कादंबऱ्यांच्या अवास्तवतेची चिकित्सा केली. पण दार बंद ठेवल्याने प्रश्न सुटत नाही, लांबणीवर पडतो. मीलनानंतर त्या दोघांचे काय झाले, हे जाणण्याचा वाचकाचा हक्क आहे, आणि ते सांगण्याचे धाडस कालिदासाने केले, हे त्याच्या आठव्या सर्गाचे मोठेपण नाकारता येणार नाही.

यावरून अद्भुतरम्य प्रणयकथेच्या समीक्षेसाठी एक साधी कसोटी हाती येते. शृंगारप्रधान अखेरीने वाचक निराश झाला असेल तर वर्णन किती मोकळे आहे, हा प्रश्न दुसऱ्या क्रमाचा मानावा. त्या अखेरीने कथेचे कोणते वचन पाळले, कोणते मोडले, आणि मीलनात दोघांचेही मन शिल्लक राहिले की एकाचे लोपले, हे आधी पाहावे. या कसोटीवर आठवा सर्ग शिवाच्या बाजूने पूर्ण उतरतो आणि पार्वतीच्या बाजूने अर्धा. मम्मटाचा निषेध त्याला पुरेसा लागू पडत नाही, आणि कालिदासभक्तांची संपूर्ण निर्दोषत्वाची ग्वाहीही टिकत नाही. निराश वाचकाने काय करावे, याचे उत्तर मात्र भास्करभट्टाच्या गुरुबंधूने देऊन ठेवले आहे. चांगले ते चांगले म्हणावे, आपल्याला काय मिळाले नाही ते स्पष्ट सांगावे, आणि कवीकडे पुढचा ग्रंथ मागावा.